तोफांची सवय

२ मार्च
आणि चौतीस हे काय वय झालं? बायको म्हणते, अर्धं आयुष्य उधळलंत, आता सैन्यात जाणार? मागून मेव्हण्याने शब्द पुरवले असणार. त्याच्याच घरी जाऊन बसलीय पोरीला घेऊन. भरतीची मर्यादा पस्तिशीपर्यंत वाढवलीय ती काय उगाच? माझ्यासारख्यांवाचून अडलं असेल म्हणूनच ना! रंगकाम, वॉचमन, ट्रकवर क्लीनर, आता कारखान्यात पत्रा ठोकायचं प्रेस मशीन. ती याला धरसोड म्हणते. मी अनुभव म्हणतो.
तिची अट: एक नोकरी धरून दाखवा, मग आम्ही दोघी येतो. सैन्यातली नोकरी सोडतो म्हटलं तरी सोडू देत नाहीत. याहून पक्कं काय पाहिजे बाईला?

५ मार्च, पहाटे
धावलो. कोपऱ्यापर्यंत. बूट चावतात.

६ मार्च
अंग ठणकतंय. स्नायू तयार होताना ठणकतातच. आज आराम.

११ मार्च
कामावर कानात बोळे घालणं आजपासून कायमचं बंद. तसेही कधीमधीच घालत होतो. जवानाला तोफांची सवय पाहिजे, आणि आमचं प्रेस काय तोफेपेक्षा कमी आहे? उस्ताद, म्हणजे शेजारच्या मशीनवरचा जुना ऑपरेटर, खुणेनेच शिव्या घालतो. शेडमध्ये सगळं बोलणं खुणांचं. डोक्यावर पंजा म्हणजे साहेब आला, मूठ आवळली की मशीन थांबव. त्याने माझ्या कानाकडे बोट दाखवून कपाळावर हात मारला. मी सॅल्यूट ठोकला.

१७ मार्च, रविवार
फोन. बायको हल्ली पुटपुटते. मोठ्याने बोल म्हटलं की किंचाळते. मधलं काही नाहीच. मग पोरीला दिला. ती गप्प. हॅलो हॅलो करून दमलो आणि ठेवला. सहा वर्षांचं लेकरू बापाशी अबोला धरतं? मेव्हण्याची शिकवण, दुसरं काय. वर्दी घालून दारात उभा राहिलो की बघतो.

२४ मार्च
पुन्हा गप्प. या खेपेला मी वाटच बघितली नाही. ठेवला. बापालाही राग असतो.

२ एप्रिल
उद्या मेडिकल. छाती पाच सेंटिमीटर फुगते. टेप उस्तादाने धरला. म्हणाला, हवा भरपूर आहे रे तुझ्यात.

३ एप्रिल
उंची पास. वजन पास. डोळे पास. डॉक्टर खूश दिसला. मग काचेच्या खोलीत बसवून हेडफोन चढवले. आवाज आला की बटन दाबायचं. मशीन बंदच होतं. मी शिस्तीत ताठ बसून राहिलो, जराही चुळबूळ नाही. शेवटी त्याने दार उघडून विचारलं, बटन का दाबत नाहीस? म्हटलं, साहेब, सुरू तर करा.  मग त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, सगळे आवाज वाजून झाले.

४ एप्रिल
मळ असणार. तेल घातलं.

९ एप्रिल
मळ नाही. दुसऱ्या डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं. ओरडूनच म्हणाला, कान स्वच्छ आहेत, आतलं गेलंय, प्रेसच्या दणक्याने. गेलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवायचं तर हे काम सोड.
म्हणजे पुन्हा नोकरी सोडायची? आणि तिला काय तोंड दाखवू?

१४ एप्रिल, रविवार
फोन लावून उस्तादाच्या हातात दिला. म्हटलं, पोरगी खरंच गप्प असते का, तेवढं सांग. तो ऐकत राहिला. आधी मान डोलावत हसला. मग हसेना.
नंतर माझ्या कानाला तोंड लावून ओरडला. कविता म्हटली तिने. अख्खी. दर रविवारी म्हणते म्हणे. आणि विचारत होती, बाबा मधेच फोन का ठेवतात, माझी चुकते का?

१५ एप्रिल
बायकोला मेसेज लिहिला. भरतीचं नंतर बघू, प्रेस धरून ठेवलंय, आता सोडत नाही. कानाचं लिहिलं नाही. पोरीला वाचून दाखव म्हटलं: तुझी कविता कधीच चुकली नाही, बाबाला फार आवडते. कोणती, ते उस्तादाला विचारायचं राहिलं.
साहेबांकडून ओव्हरटाइम मागून घेतला. त्याची उचल बायकोला पाठवतोय, सात हजार तीनशे.