अंगणातला तरवड

लातूर, शनिवार

सोमेशच्या अप्पांना शिवकांताचा शरणार्थ.

आम्ही मायलेक खोलीवर बरे हाओत. सोमेश क्लासवरून येतो अन् पुस्तकावरच झोपतो. जरासा वाळलाय, पण काळजी करू नका.

तुमचं पत्र वाचून माझं डोस्कं फिरलं. मधमाश्यांची कटकट होती म्हणून तरवड उपटला अन् फरशी बसवली? भूकंपानंतर नव्या घराचं अंगण उघडंबोडकं होतं, तवा माळावरून बी आणून मी तो लावला. त्यानं तुम्हाला कधी तांब्याभर पाणी मागितलं का?

वर मलाच विचारता, भोपळ्याच्या कळ्या पिवळ्या पडून गळून राहिल्यात, कंचं औषध फवारू? माश्याच येत न्हाईत तर भोपळा धरंल कसा?

पाकिटात तरवडाचं बी घातलंय. फरशीची एक रांग काढा अन् बी दगडावर घासून लावा. तो फुलेस्तोवर रोज सकाळी भोपळ्याचं नर फूल तोडायचं अन् वेलावरच्या एकेका मादी फुलाला हातानं लावायचं. मधमाश्यांचं काम आता तुम्ही करा.

तुमच्या अव्वांचे गुडघे कसे हायत? त्यांना या कामाला जुंपलं तर याद राखा.

तुमचीच,
शिवकांता