खाचेतला बोल्ट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जुन्या मोटारींची स्टिअरिंग दुरुस्ती, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कोणी आणलाच, तर मी ऐकणाऱ्यातला नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अलीकडे हात थरथरतात, त्याचाही त्यात उल्लेख आहे. वकीलबाईंनी मसुदा टाइप करून दिला होता, पण तो वाचून हा माणूस कोण होता हे कोणालाच कळले नसते. म्हणून मी हाताने पुन्हा लिहीत आहे.

कलम १. याआधी केलेले माझे मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करतो. ते एकोणीस वर्षांपूर्वीचे आहे. त्यात घर, वर्कशॉप, असेल नसेल ते सगळे मी माझ्या धाकट्या भावाला दिले होते. वाचणाऱ्याला वाटले असते, काय हे बंधुप्रेम! प्रेम होतेच, पण ती भरपाई होती. माझ्या हातच्या चुकीने त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला, असे मी एकोणीस वर्षे धरून चाललो. तसे नव्हते. हे मला गेल्या महिन्यात कळले, आणि तेव्हापासून मी रोज दुपारी झोपतो.

कलम २. यंत्राची माहिती मृत्युपत्रात लागत नाही, असे वकीलबाई म्हणतात. या मृत्युपत्रात लागते. जुन्या मोटारीत स्टिअरिंगच्या चाकापासून खाली एक दांडा येतो. तो आणि पुढची चाके वळवणारी पेटी यांना जोडायला मध्ये कपलिंग असते, म्हणजे तळहाताएवढी जाड रबराची चकती आणि तिच्या दोन बाजूंना लोखंडी पकडी. रबर वर्षानुवर्षे तेल पिते, फुगते, चिरते. मग चाक हातात डुगडुगायला लागते आणि गाडीवाला माझ्याकडे येतो. चकती बदलणे कठीण नाही. कठीण आहे ते दांडा पकडीत पुरता आत बसवणे. दांड्याच्या टोकाजवळ एक खाच असते आणि पकडीचा बोल्ट त्या खाचेतूनच गेला पाहिजे. दांडा अर्धा इंच जरी बाहेर राहिला, तरी बोल्ट त्याच्या टोकापुढून मोकळाच निघून जातो. आवळला की हाताला तितकाच घट्ट लागतो. गाडी चालते, वळते, मालक खूश होतो. आणि एखाद्या वळणावर दांडा निसटतो.

म्हणून आरसा आणि बॅटरी घेऊन खाच डोळ्यांनी बघायची असते. धाकट्याच्या गाडीची चकती मी बदलली त्या दिवशी तो डोक्यावर उभा होता. "दादा, आटप की. शिफ्ट चुकेल माझी." मी आटपले. चार दिवसांनी भर दुपारी, छापखान्यातून घरी येताना, गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा भावजय दारातच उभी होती. म्हणाली, "ते म्हणतायत, स्टिअरिंग लागलंच नाही." बस, एवढेच. मी तिथल्या बाकावर बसलो आणि आठवायला लागलो की मी आरसा धरला होता की नाही. मला आठवेना. अजूनही आठवत नाही.

गाडी ओढून धाकट्याच्या घरामागच्या शेडमध्ये नेली, तिच्यावर ताडपत्री पडली. मी एकदा म्हणालो, उघडून बघतो. धाकटा एकदम ओरडला, "हात लावायचा नाही त्या गाडीला!" मी समजलो, माझा हात त्याला नको आहे. पुन्हा विचारले नाही. त्यानेही त्या विषयावर तोंडातून ब्र काढला नाही. भावजयीने माझ्याशी बोलणे टाकले. माझी बायको म्हणायची, "अहो, जाऊन एकदा नीट विचारा ना." सहा वर्षांपूर्वी ती गेली. हे कळायला ती हवी होती, याचे मला फार वाईट वाटते.

कलम ३. वर्कशॉप, त्यातले सगळे पाने, प्रेस, लेथ आणि गल्लीच्या तोंडावरची पाटी मी माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला देतो. मला मूलबाळ नाही. ती अकरा वर्षे माझ्याबरोबर काम करते आहे. इंजिन खोलते, ब्रेक करते, माझ्यापेक्षा चांगले वेल्डिंग करते. पण स्टिअरिंगला मी तिला कधी हात लावू दिला नाही. ती म्हणायची, "काका, लोक लांबून गाड्या आणतात त्या कपलिंगसाठी, आणि मला शिकवायचं ते मडगार्ड?" मी काहीतरी खेकसायचो. खरे कारण असे की ज्याने तिच्या बापाचा पाय घालवला त्याने तिला हे काम कोणत्या तोंडाने शिकवायचे? प्रत्येक गाडीची खाच मी तीन तीन वेळा उघडून बघतो म्हणून माझे नाव झाले. लोक त्याला चोखपणा म्हणतात. ती भीती होती. पुतणी, तू दोनदा बघ. दोनदा पुरे.

आणि चकतीवरून अर्थिंगची तांब्याची पट्टी जोडायला विसरू नकोस. मध्ये रबर आले की विजेची वाट तुटते आणि हॉर्न मुका होतो. मग गाडीवाला परत येऊन माझ्या नावाने खडे फोडेल, आणि मी उत्तर द्यायला नसेन.

कलम ४. बोल्ट मोजक्या जोराने आवळायचा माझा मोठा टॉर्क पाना शेजारच्या रंगवाल्याने चौदा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेला. तो मी त्यालाच देतो. अट एकच, की पाना आपल्याच बापाचा होता असे गिऱ्हाइकांना सांगणे त्याने आता बंद करावे. दगडासारख्या रबराच्या चकत्या मला नवीन म्हणून विकणाऱ्या सुट्या भागांच्या दुकानदाराला मी काही देत नाही. त्याच्या तीन चकत्या अडगळीच्या फळीवर आहेत. पुतणीने त्या दाराला अडसर म्हणून वापराव्यात.

कलम ५. आता गेल्या महिन्याचे. धाकट्याच्या शेडचे छप्पर उतरवायचे ठरले, म्हणून गाडी बाहेर काढावी लागणार होती. पुतणी आत बसली, मी आणि रंगवाला मागून ढकलत होतो. धाकटा काठी टेकून पायरीवर बसला होता. दार अरुंद. मी म्हणालो, "सरळच येऊ दे, चाक फिरवून उपयोग नाही, ते नुसतं फिरेल." पोरीने माझे ऐकले असते तर मी तसाच मेलो असतो. तिने चाक फिरवले. पुढची दोन्ही चाके कुरकुरत डावीकडे वळली.

"काका," ती आतून ओरडली, "स्टिअरिंग तर लागतंय!"

मी म्हणालो, पुन्हा फिरव. तिने उजवीकडे फिरवले. चाके उजवीकडे वळली. एकोणीस वर्षांत ते चाक कोणी फिरवून बघितले नव्हते, मीसुद्धा. दांडा निसटला असता तर हे शक्यच नव्हते. मी आरसा मागितला, पण हातात धरवेना, तेव्हा पुतणीने धरला आणि बॅटरी मारली. बोल्ट खाचेतून गेला होता. माझाच बोल्ट, माझ्याच हाताने आवळलेला. चकतीला वयाने चिरा पडल्या होत्या, पण ती अखंड होती. मी तिथेच मातीत बसलो आणि रडलो, रंगवाल्यादेखत. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय ते मला एकाहत्तराव्या वर्षी कळले.

मग धाकटा पायरीवरूनच बोलला. आधी मान खाली, मग सगळे एका दमात. "मला डुलकी लागली होती, दादा. डबल शिफ्ट केली होती. हिला शब्द दिला होता, डबल शिफ्ट करून गाडी चालवणार नाही म्हणून. शुद्धीवर आलो तर ही समोर. तोंडातून निघून गेलं, स्टिअरिंग लागलं नाही. वाटलं, तू गाडी उघडशील आणि माझं खोटं उघडं पडेल. म्हणून तुला हात लावू दिला नाही."

"आणि मी?" मी म्हणालो. "माझं काय झालं असेल, वाटलं नाही?"

"रोज वाटलं. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं."

मला राग आला. यायलाच हवा होता, आणि मी त्याला त्या अंगणात जे बोललो ते इथे लिहीत नाही. पण खरे सांगतो, राग संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. आतून इतके हलके वाटत होते की रागाला धरून ठेवणे जमेना. भावजय दारात उभी राहून सगळे ऐकत होती. नवऱ्याकडे तिने असे बघितले की मला त्याचीच दया आली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, चहा टाकू?" एकोणीस वर्षांनी.

कलम ६. बायकोचे शिवणयंत्र भावजयीला द्यायचे होते. ते मी या कागदात न लिहिता मागच्या रविवारीच तिच्या घरी पोचवले आहे. तिने तेल घालून चालवूनही बघितले. कारण कलम आठमध्ये आहे.

कलम ७. घर पुतणीला. बँकेत जे असेल त्यातले अर्धे तिला आणि अर्धे त्या दवाखान्यातल्या हाडांच्या वॉर्डाला. तिथल्या बाहेरच्या बाकाला पाठ नाही. आधी त्याला पाठ बसवून घ्यावी, उरलेल्याचे काय करायचे ते त्यांनी बघावे.

कलम ८. माझ्या धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. हे रागाने लिहिलेले नाही. मसुद्यात त्याच्या नावे माझी आरामखुर्ची, रेडिओ आणि त्याच्या गाडीतून काढलेली ती जुनी चकती लिहिली होती. (गाडीला नवी चकती पुतणीने घातली. मी स्टुलावर बसून नुसते बघितले. खाच तिने दोनदा बघितली. जुना बोल्ट काढण्याआधी तो खाचेत बसलेला तिने बापालाही आरशात दाखवला.) पण वकीलबाईंनी सांगितले की जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मी म्हणालो, मग साक्षीला दुसरे कोणी बघू. धाकटा शेजारीच बसला होता. म्हणाला, "खुर्ची नको मला, रेडिओ नको. साक्षीला माझं नाव घाल. एकदा तरी खरी साक्ष देऊ दे."

म्हणून त्याच्या नावावर काट मारली आहे. खुर्ची पुतणीच्या घरात राहील, तिथे बसायला त्याला कोण अडवतो?

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचून पाहिले, आणि ते मला मान्य आहे. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

ठिकाण: वर्कशॉप, पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२५, सकाळी अकरा.

सही: (थोरला)

साक्षीदार पहिले: डोळ्यांचे डॉक्टर. यांच्या जुन्या मोटारीची चकती मी तीन वेळा बदलली आहे. दाखला यांचाच. यांनी लिहिले: "माझ्यासमोर सही केली. पूर्ण भानावर आहेत. चष्म्याचा नंबर मात्र बदलायला हवा." सही.

साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ. यांनी लिहिले: "दादाने माझ्यासमोर सही केली. सही करताना त्याचा हात थरथरला, हे खरे आहे. माझ्या गाडीचा बोल्ट त्याने नीट बसवला होता, हेही खरे आहे. दोन्ही मी डोळ्यांनी बघितले आहे." सही.