शंकरच्या मागच्या चाकाचा आऊट

६ फेब्रु. ८४, सोम.
शंकर गॅसवाल्याचं मागचं चाक आलं. सहा स्पोक तुटलेले. वसंताला म्हटलं, जाड स्पोक आण. चिरंजीव बोरीवली स्टेशनाजवळून बारीक, चकचकीत स्टीलचे घेऊन आले. "अप्पा, जाड मिळत नाहीत. हे चालतात." चालतात! सायकलला दोन भरलेली सिलिंडरं, आणि हे चालतात! बापाला शिकवतो. शंकरला घाई, म्हणून मीच घातले. आऊट काढला, चाकाची डगमग घालवली. नेहमीसारखं टिचकी मारून एकेक स्पोक कानाने ऐकला, जाड-बारीक सगळे एका सुरात आणले. चाक सरळ फिरलं. तरी धाकधूक.

९ फेब्रु.
झालंच. उतारावर चाक मुडपलं. शंकरचा पाय प्लास्टरमध्ये. सिलिंडर फुटलं असतं तर... जेवण गेलं नाही. वसंताला चारचौघांत झाडला. "तुझ्या स्टीलने माणूस मेला असता!" तर म्हणतो, "आऊट तुम्हीच काढलात ना?" चाळीस वर्षं चाकं बांधतोय, एक परत आलं नाही. आणि हा मला विचारतो! येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, बघा आमच्या पोराची अक्कल.

१३ फेब्रु.
वसंता बोलत नाही. नको बोलू. त्याला तोंडावर दाखवावं म्हणून दुसऱ्या रिमवर तसेच जाड-बारीक स्पोक बांधले. सूर एक केला. मग दोन-दोन स्पोक मुठीत दाबले. जाड हलेनात. बारीक दबले. पुन्हा वाजवले. सूर तोच. बारीक तार कमी ताणली तरी जाड तारेइतकीच चढी वाजते. म्हणजे ते सहाही ढिलेच होते, सगळा भार शेजारच्यांवर. म्हणजे मी...
चाक माळ्यावर टाकलं. कुणाला बोललो नाही. पण त्याने असले स्पोक आणलेच कशाला?

२० फेब्रु., सोम.
शंकर कुबडी घेऊन आला. दोन पायऱ्या चढायला केवढा वेळ लागला त्याला.
"अप्पा, नवं चाक बांधून ठेवा. तुमच्याच हातचं हां. ह्या वसंताला हात लावू देऊ नका."
बाकावरचे दोघे हसले. वसंता पंक्चर काढत होता, त्याने मान वर केली नाही. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.
मी म्हटलं, "बरं."