पिशवीतल्या चपला

प्रिय अनिरुद्ध,

मुलुंड सोडून तू मुलीकडे बंगळुरूला कायमचा निघालास, आणि ही बातमी मला मठाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळावी? शाळेपासूनचे मित्र ना रे आपण! राग आलाच. पण खरं सांगू, त्याआधी हायसं वाटलं. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

दचकू नकोस. गेलं वर्षभर मी तुझ्यावर जळतोय. दर गुरुवारी मठात अहंकार कसा गळावा यावर प्रवचन करायचं मी, आणि लोकांनी कौतुक करायचं तुझं! कंपनीत एवढा मोठा साहेब होतास. निवृत्त झाल्यावर विश्वस्तांनी कुठली सेवा करणार म्हणून विचारलं, तर म्हणालास, दाराशी चपला सांभाळतो. झालं! जानकीमावशींच्या सुजलेल्या पायांत तू वाकून चपला घालतोस, तीच कथा सगळ्यांच्या तोंडी. मावशी वर मलाच सांगतात, अनिरुद्धच्या हातात चपला दिल्या की अर्धं दर्शन तिथेच होतं. उरलेल्या अर्ध्यात त्या माझ्यासमोर डुलक्या काढतात.

मग मीही विद्याधरांकडे, आपल्या मुख्य विश्वस्तांकडे, चपलांची सेवा मागितली. हसू नकोस. मनात चित्र तयार होतं, एवढा शिकलेला प्रवचनकार, पण बघा, लोकांच्या चपला उचलतो! ते म्हणाले, ती जागा भरलेली आहे. म्हणजे नम्र व्हायची जागासुद्धा तूच अडवून बसलेला. त्या दिवशी मी जेवलो नाही. वसुधाने कारण विचारलं. बायकोला काय सांगणार, चपला उचलायला मिळाल्या नाहीत म्हणून रुसलोय?

काल विद्याधर घरी आले. तुझ्यामागे ती सेवा मी करावी म्हणाले, आणि माझं नाव सुचवलं कोणी, तर तू! तळपायाची आग मस्तकात गेली. हवं होतं ते मिळालं, तेही तुझ्या शिफारशीवर. उठता उठता ते सहज बोलून गेले, अनिरुद्ध म्हणत होता, सगळ्या मुलुंडच्या चपला ओळखतो मी, देवव्रतच्या तेवढ्या कधी पाहिल्या नाहीत.

पाहणार कशा? वर्षभर मी बाजूच्या दाराने येतो, चपला कापडी पिशवीत घालतो आणि पिशवी व्यासपीठावरच्या मेजाखाली सरकवतो. माझ्या चपला उचलून तुला पुण्य लागू नये म्हणून! अहंकारावर बोलताना माझा पाय त्याच पिशवीला लागत असतो. तुझी सेवा मला झेपेल की नाही, ठाऊक नाही. पण या गुरुवारी, तुझ्या शेवटच्या दिवशी, मी पुढच्या दाराने रांगेत उभा राहून येणार आहे, पिशवीशिवाय. हे सांगायलाच लिहितोय, म्हणजे ऐनवेळी मला मागे फिरता येणार नाही. माझ्या चपला घे, बिल्ला दे. फक्त माझ्यासमोर वाकू नकोस रे, तेवढं अजून सहन होणार नाही.

जळका, पण तुझाच,
देवव्रत