वेगळेपणाचा निबंध

सेंट पॉल, ३ सप्टेंबर

ती. येंगदादास,
नूचा सा. न. वि. वि.

इस्पितळातली दुभाष्याची नोकरी मी सोडली, हे वहिनींकडून कळलंच असेल. अडतिसाव्या वर्षी डॉक्टर व्हायला निघालेय. हसायचं तेवढं हसून घे. मेडिकल कॉलेज प्रवेशासाठी एक निबंध मागतंय: तुम्ही इतरांहून वेगळं काय घेऊन येता? बरोबर अर्ज करणारी पोरं बाविशीची, ती सहलींवर लिहितात. मी बाबांच्या शेवटच्या आजारावर लिहिलंय. वीस तारखेला पाठवायचाय, सोबत प्रत जोडलीय. त्यात तुला ठाऊक नसलेलं एक आहे. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

माया आहे तशीच राहू दे.
नू

फ्रेझ्नो, ९ सप्टेंबर

चि. नूस आशीर्वाद.

निबंध वाचला. डॉक्टर म्हणाले होते, फार तर दोन आठवडे. आणि दुभाषी म्हणून तू आपल्या ह्मोंग भाषेत बाबांना सांगितलंस, औषध लागू पडेल, हिवाळा सरला की हिंडाल.

त्याच दिवशी बाबांचा मला फोन आला होता. म्हणाले, घाई नको, गवती चहाचं शेत थंडीपासून झाकून घे, मग सावकाश ये. मी झाकत बसलो. पोचलो तेव्हा ते गेले होते. आपल्यात बाप थोरल्या मुलाशी शेवटचं बोलून जातो, ते राहिलं. सात वर्षं मला वाटतंय, बाबांना मी जवळ नकोच होतो.

आणि हे मला सांगायच्या आधी तू परक्यांसाठी टाइप केलंस.

येंग

सेंट पॉल, १४ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

आजाऱ्याच्या तोंडावर मरण बोलू नये, असं आपल्यात मानतात. निबंधात मी तेच कारण दिलंय. खरं म्हणजे माझी जीभच वळली नाही. परक्यांच्या बापांना मी ते रोज सांगत होते. त्या दिवशी बर्फामुळे दुसरा दुभाषा पोचला नव्हता आणि डॉक्टर माझ्याकडे बघत थांबले होते.

तो निबंध फाडला. बाजारातल्या आपल्या घरच्या भाजीच्या गाळ्याविषयी दुसरा लिहिला. त्यात खोटं काही नाही आणि जीवही नाही.

रागाव, पण पत्र टाक.
नू

फ्रेझ्नो, २ फेब्रुवारी

चि. नूस,

कॉलेजने नाही म्हटल्याचं तुझ्या वहिनीने सांगितलं. ऐकून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

एकच विचारतो. तू तसं सांगितल्यावर बाबा काय म्हणाले? तेवढं निबंधात नव्हतं.

येंग

सेंट पॉल, ८ फेब्रुवारी

ती. दादास,

ते मी कुठेच लिहिणार नव्हते. बाबांचा चेहरा एकदम उजळला. उठून बसले, पाठीला उशी मागितली. म्हणाले, मग आता इथला बर्फ पुरे झाला, वसंतात येंगकडे जातो, कायमचा. तुला एवढ्यात सांगू नको म्हणाले. त्यांना अचानक तुझ्या दारात येऊन उभं राहायचं होतं.

नू