सुतकातल्या दिव्याची तजवीज

मी, छबुबाई भ्रतार राधाकिशन जोगदंड, राहणार चौसाळा, तालुका जिल्हा बीड, वय दाखल्यावर चौऱ्याहत्तर आणि माझ्या आईच्या म्हणण्यानं त्याहून थोडं जास्तच, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. शाळा दुसरीपर्यंत झाली. म्हणून अक्षर मोठं आहे आणि रेघ सोडून जातं. डोकं मात्र ठिकाणावर आहे. ते बिघडलं असतं तर इतकी भीती वाटली नसती. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी हात धरून लिहून घेतलेलं नाही. बीडच्या आप्पाराव वकिलांनी सांगितलं की आधी हे सगळं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. ते म्हणाले, "आजी, मोजकं लिहा." मी म्हणलं, मोजकं बोलता आलं असतं तर तुमच्याकडं काहून आले असते?

कलम एक. पुढं सगळं भीतीचंच आहे, म्हणून आनंदाचं आधी लिहिते. माझी नात रोहिणी, थोरल्या शहादेवची मुलगी. तिची लेक त्रिवेणी आता दीड वर्षाची झाली. तिची शेवटची रक्ततपासणी मागच्या महिन्यात झाली आणि ती साफ निघाली. लेकराला काही नाही! सिस्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून इतकी हसले की शेजारचा माणूस उठून लांब जाऊन बसला. येताना पेढे घेतले आणि स्टँडपासून घरापर्यंत वाटत आले. कशाचे म्हणून विचारलं की सांगायची, लेकराला दाढ आली. आमच्या गल्लीत दाढेचे पेढे पहिल्यांदाच वाटले गेले असतील.

रोहिणीला जन्मापासून एचआयव्ही आहे. हे इथं लिहू का म्हणून मी तिला विचारलं, कारण या आजाराच्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या बाई सांगतात की माणसाला विचारल्याशिवाय त्याचा आजार दुसऱ्याला सांगायचा नसतो, कायदा आहे तसा. रोहिणी भाकरी थापत होती. म्हणाली, "लिव्ह आजी. आन् नुसतं आजार आजार करू नको. त्याला नाव हाय, ते लिव्ह." म्हणून लिहिलं. तिचा नवरा जीवन, वडवणीकडचा, त्यालाही आहे. दोघांची ओळख बीडच्या दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत झाली. तो रांगेत तिच्या पुढं होता आणि मागं बघून बघून मान अवघडून घेतली त्यानं. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, लिहा.

रोहिणीचे आईबाप, शहादेव आणि सत्यशीला, ती लहान असतानाच एकामागं एक गेले. आजार त्यांना कुठून आला हे मी त्यांना विचारलं नाही. आता तुम्हीही विचारत बसू नका.

कलम दोन. चौसाळ्यातलं राहतं घर, पुढची ओसरी आणि मागची शेळ्यांची जागा ही माझ्या बापानं मला चोळीबांगडीला म्हणून दिलेली आहे. सासरचा त्यात एक दगड नाही. हे सगळं माझ्या मागं रोहिणीला द्यावं. धाकटा मुलगा अजिनाथ गेवराईला असतो. त्याला त्याच्या बापाचं शेत मिळालेलं आहे, त्याची तक्रार नसावी. असली तरी त्यानं ती माझ्यासमोर करावी, रोहिणीसमोर नको.

कलम तीन. ओसरी रोहिणीला देते खरी, पण एका अटीवर. महिन्यातून एकदा आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिथं मुक्कामाला येतात आणि सकाळच्या एसटीनं बीडला गोळ्या आणायला जातात. कुणी विधवा आहे, कुणी कारखान्यावर ऊस तोडायला जाते, एकीला तर घरात गोळीची डबी ठेवायला जागा नाही, ती ज्वारीच्या कणगीत ठेवते. त्यांची नावं मी लिहिणार नाही, त्यांना विचारलेलं नाही. गावाला आम्ही सांगितलंय की हे भजनी मंडळ आहे. त्यामुळं नाइलाजानं थोडं गावं लागतं. गावात आमचं नाव आहे की छबुबाईचं मंडळ लई बेसूर. असू द्या. त्या बायकांना माझ्या मागंही ओसरीवर अंथरूण मिळावं. रोहिणी आता संस्थेचं काम करते, नव्या माणसांना गोळीचं समजावून सांगते. ती त्यांना हाकलणार नाही हे मला माहीत आहे. पण तिच्याही मागं कुणी हाकलू नये म्हणून लिहून ठेवते.

कलम चार. शेळ्या जीवनला. शिवलेल्या वाकळांपैकी हिरव्या काठाची त्रिवेणीला, बाकीच्या मंडळाच्या अंथरुणाला. माझं दाभण आणि दोऱ्याची रिळं रोहिणीला, तिला वाकळ शिवता येत नाही, आता तरी शिकावं. माझ्या जावेचा पितळेचा हंडा आमच्या घरात पडून आहे. सत्यशीला गेली त्या दिवशी तिला अंघोळ घालायला तो आणला होता. नंतर परत द्यायला गेले तर जाऊ दारातून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच, आमाला काय करायचाय आता." तो हंडा माझ्या मागं तिच्या दारात नेऊन ठेवावा. आम्ही इतकी वर्षं त्यातलंच पाणी प्यालो आणि सगळे धडधाकट आहोत, हे तिला सांगावं. मोठ्यानं सांगावं, तिला ऐकू कमी येतं.

कलम पाच. आता भीतीचं.

पौषापासून माझ्या छातीत कळ येते. डॉक्टर म्हणाले, काळीज दमलंय. मरण येणारच, त्याला काय. मला भीती वाटते ती मेल्यानंतरच्या दहा दिवसांची.

रोहिणी लहान होती तेव्हा आमच्या घरात घड्याळ नव्हतं. दवाखान्यात सांगितलं होतं, गोळी रोज एकाच वेळेला, एकही दिवस चुकवायची नाही. मी तिला शिकवलं की देवापुढं दिवा लागला की गोळी. वात पेटली की पोर आपण होऊन हात पुढं करायची. पुढं मंडळातल्या बायकांनाही मी हेच सांगितलं, आणि लेकरं झोपतील, सासू रागवंल, जेवण राहील, अशी कुठलीही सबब दिव्यापुढं चालत नाही.

मग रोहिणी तेरा वर्षांची असताना मालक गेले. सुतक लागलं. देव्हाऱ्यावर फडकं पडलं, देवापुढचा दिवा बंद. ते गेले त्या जागेवर एक दिवा होता, पण तो रात्रंदिवस जळतो, त्याला कुणी शिवायचं नसतं, त्यावरून लेकराला वेळ कळणार कशी? घर पाहुण्यांनी भरलेलं, मी कोपऱ्यात बसवलेली. दिवा नाही म्हणून पोरीनं गोळी घेतली नाही. तिला वाटलं, देवाचं बंद तशी गोळीपण सुतकात बंद असेल. विचारणार कुणाला? बाराव्याला देव उघडले, दिवा लागला, पण तोवर घडी मोडली होती. कधी घ्यायची, कधी नाही. त्या थंडीत ताप आला, मग खोकला, मग टीबी निघाला. दवाखान्यात पोरीचा हात उचलला तर बांगडी कोपरापर्यंत घसरली.

आता ती मोठी आहे, तिच्याकडं मोबाइल आहे, तिला सगळं कळतं. हे मला सगळे सांगतात. पण दुःखात माणसाला काय कळतं? मी तिची आई आणि आजी दोन्ही आहे. मी गेले की ती जेवणार नाही, मला माहीत आहे. ती गोळी घेणार नाही म्हणून जीवनही घेणार नाही, तो असाच येडा आहे. घर माणसांनी भरेल, अजिनाथ सगळं रीतीनं करील, देव्हाऱ्यावर फडकं टाकील. आणि दीड वर्षाचं लेकरू दारात उभं असेल. या घरात एकदा पोरकं लेकरू झालेलं आहे. पुन्हा नको.

म्हणून मी लिहून ठेवते की माझं सुतक माझ्या घरात पाळू नये. त्याच संध्याकाळी दिवा लावावा आणि गोळी घ्यावी. मी तिथं पडलेली असले तरी आधी गोळी, मग रडणं.

कलम सहा. वरचं लिहून मी आप्पाराव वकिलांना दाखवायला नेलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "आजी, सगळं बरोबर आहे. पण मृत्युपत्र लोक तेराव्यानंतर उघडतात."

हा कागद पेटीत पडून राहणार आणि दहा दिवस निघून जाणार! मी त्यांना म्हणलं, मग याचा उपयोग काय? ते म्हणाले, "जिवंतपणी वाचून दाखवायला कुणाची मनाई आहे का?" हुशार माणूस. चहा पण पाजला.

कलम सात. त्याप्रमाणे आज रविवारी अजिनाथला गेवराईहून बोलावलं आणि ओसरीवर सगळ्यांसमोर वाचलं. रोहिणी आणि जीवन होते. शेजारची बीबीजान होती, तिला सगळं आधीपासून ठाऊक आहे, आणि तिचा मुलगा मैनुद्दीन, ज्याच्या हायवेवरच्या गॅरेजात जीवन काम करतो. जीवननं कामाला लागताना त्याला आपला आजार सांगितला होता, तेव्हा मैनुद्दीन म्हणाला होता, "बरं. पाना नीट धर." म्हणून त्याच्यापुढं वाचायला अडचण नव्हती.

अजिनाथ आल्या आल्या म्हणाला, "माय, मरायच्या आधीच कार्यक्रम ठिवलास व्हय?"

"नंतर मला बोलता येणार न्हाई बाबा."

कलम पाच ऐकून तो उठूनच उभा राहिला. "सुतकात देवापुढं दिवा? हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. दादा गेला, वहिनी गेली, बाप गेला. आता अजून काय ओढवून घेऊ? आन् आजाराचं गावात फुटलं तर माझ्या पोरीची सोयरीक मोडंल. बोलणी चालू हायेत, तुला ठाव हाय."

माझा मुलगा वाईट नाही. त्यालाही माझ्यासारखीच भीती वाटते, फक्त दुसऱ्या गोष्टीची.

रोहिणी म्हणाली, "काका, मी सांगंन तवाच ते बाहेर जाईल. तुमच्या पोरीचं लगीन मोडाया मी कशाला बोलंन? पण तुमच्या सोयरिकीपायी माझी गोळी थांबणार न्हाई."

बीबीजाननं कपबश्या पुढं सरकवल्या. "चहा निवला की रे, भांडता काहून?"

अजिनाथ तिच्याकडं वळला. मग हळू म्हणाला, "मावशी, तुमाला आमचं सुतक हाय का?"

"मला कशाचं रे सुतक? रडंन तेवढी."

"मग झालं. सुतक आमच्या घराला. तुमच्या घराला न्हाई. दहा दिवस रोहिणीनं आन् जावयानं दिवेलागणीला तुमच्याकडं यायचं. मी सोता आणून सोडीन. पाव्हण्यांना सांगन, चहा प्यायला गेलेत."

बीबीजान म्हणाली, "या की. देव्हारा तेवढा आनू नका, माझ्या घरात शेळीलाबी जागा न्हाई. बत्ती मी लाविते."

म्हणून कलम पाचमधलं सुतक न पाळण्याचं मी मागं घेते. सुतक अजिनाथ त्याच्या मनाप्रमाणं पाळील. मंडळातल्या बायकांनाही निरोप द्यावा की प्रत्येकीनं आपल्या ओळखीत बिनसुतकाचं एक घर बघून ठेवावं, आत्ताच, कुणी आजारी पडायच्या आधी.

कलम आठ. तोंडी ठरलं, पण माझी भीती जाईना. म्हणून आजच संध्याकाळी तसं करून बघितलं. मी सगळ्यांना पलीकडं बीबीजानच्या घरी पाठवलं, त्रिवेणीलासुद्धा. मी मेले आहे असं समजा म्हणलं. रोहिणी चिडली, रडली, पण गेली. अजिनाथच तिला आणि जीवनला घेऊन गेला.

मी देवापुढं दिवा लावला नाही. अंधार झाला. भिंतीला टेकून बसले. पलीकडून त्रिवेणीचं रडू आलं, मग भांडं पडल्याचा आवाज, मग काहीच नाही. किती वेळ काहीच नाही. मला वाटलं विसरले. पाहुणचारात, बोलण्यात विसरले. छातीत कळ आली. उठून जावं म्हणून भिंतीला हात लावला, पण मेलेल्या माणसाला उठता येत नाही, म्हणून तशीच बसले.

मग बीबीजानची हाक आली. "छबू गं! गिळली! दोघांनीबी गिळली, मी तोंड उघडून बघितलं!"

मी ओ दिली नाही. तिनं परत हाक मारली, मग अजिनाथनं मारली, "माय! ए माय!" त्या दिवशी मला ओ देता येणार नाही. म्हणून आजही दिली नाही.

वर लिहिलेलं सगळं मी बोलले तसंच आहे. ज्याला जे नेमून दिलं ते त्यानं करावं, आणि माझ्या नावानं भांडू नये. याखाली मी या दोघांच्या देखत सही करते आणि माझ्या देखत ते करतात.

सही: छबुबाई राधाकिशन जोगदंड

साक्षीदार
१. मैनुद्दीन गुलाब शेख, धंदा गॅरेज, राहणार चौसाळा
२. अजिनाथ राधाकिशन जोगदंड, मुलगा, राहणार गेवराई

ठिकाण: ओसरी, चौसाळा, तालुका जिल्हा बीड
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार, दिवेलागणीनंतर