भाऊंच्या चेहऱ्यावरचा कागद

प्रिय सायली,

उद्या मतदान आहे. बोटाला शाई लावून तुझ्यासमोर उभं राहायचं ठरलं होतं, आणि तूच नाहीस. म्हणून लिहितोय.

मी विचारलं तेव्हा चहाचा कप खाली न ठेवता तू म्हणालीस, "आधी मत देऊन ये पवन्या, मग उत्तर." असं कोणी करतं का गं? पोरी विचार करायला चार दिवस मागतात, तू निवडणूक मागितलीस.

हॉस्टेलमागचं गटार तुंबलं, तेव्हा पोरींना घेऊन तू नगरसेवक भाऊंकडे गेलीस. मी दारात होतो. भाऊ हसले. "ताई, तुम्ही कॉलेजवाले. तुमची इथं मतं किती? परीक्षा झाली की गावाला पळता." मी आत घुसणार होतो, तू मनगट धरलंस. दुसऱ्या दिवसापासून वर्गावर्गात फिरून पोरांची नावं मतदार यादीत घालायला लागलीस. कॉलेज सोडलेल्या माझंही.

गटार तसंच राहिलं. मग तुला डेंग्यू.

तुझ्या अस्थी सोडून रामकुंडावरून परतलो तर चौकात फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. तू कोपऱ्यात, भाऊ हात जोडून मधोमध. ब्लेड घेऊन खांबावर चढलो. खालून तुझी रूममेट ओरडली, आपली मालेगावची रुबिना. "उतर रे येड्या. फाडलास तर त्याचंच भलं. राहू दे, पोरं रोज बघतील."

मी उतरलो. राग उतरला नाही, आणि मला उतरवायचाही नाही.

त्याच फ्लेक्सखाली आम्ही पोरं जमवली. बोललो मी. शिवी गिळायची, मुद्दा बोलायचा, असं तू सांगायचीस. पहिल्या दिवशी शिवीच आधी आली. पोरं हसली. आता ऐकतात. "सुट्टी आहे, घरी जाऊ का दादा?" एकानं विचारलं. रुबिना म्हणाली, "जा की. भाऊ तेच म्हणाले होते ना, पळता म्हणून?" तो थांबलाय.

आचारसंहिता लागली तशी महापालिकेची माणसं शिडी घेऊन आली. भाऊ पुन्हा उमेदवार, म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर कागद चिकटवून गेली. आता चौकात फक्त तू दिसतेस.

भाऊ पडले की तो कागद मी स्वतः काढणार. तुझ्याशेजारी उभं राहून त्यांनी आमची मतं मोजावीत. आणि उद्या शाई वाळायच्या आत त्या खांबाखाली येतो. उत्तर मागणार नाही. बोट तेवढं बघ.

तुझाच,
पवन्या